दोन पिक्सेलचा कर्सर : लिनक्सवरच्या सब्लाइम टेक्स्टमध्ये चिनी टायपिंग कसे बसवले गेले

२०१३ च्या आसपास लिनक्सवर सब्लाइम टेक्स्ट हा कोड लिहायचा एडिटर वापरणाऱ्या चिनी प्रोग्रामरांची एक ठरलेली तक्रार होती. इनपुट मेथड, म्हणजे रोमन कळांवरून चिनी चिन्हं देणारा मधला प्रोग्राम, चालू आहे, ब्राउझरमध्ये चिनी लिहिता येतंय, जीएडिट या साध्या एडिटरमध्ये येतंय, पण सब्लाइममध्ये 'निहाओ' (nihao) टाइप केलं की पाच रोमन अक्षरं जशीच्या तशी फायलीत जाऊन बसतात. निवडायच्या चिनी चिन्हांची, म्हणजे पर्यायांची, यादी उघडतच नाही. इनपुट मेथड चालू-बंद करायची कळ दाबली तरी काही फरक नाही, जणू या खिडकीचा आणि तिचा काही संबंधच नसावा.

प्रोग्रामरला चिनी कशाला हवं, कोड तर इंग्रजीतच लिहितात, असं कुणाला वाटेल. पण कोडमधल्या टिपा, रीडमी म्हणजे माहितीच्या फायली, कोडमधला बदल नोंदवतानाचे संदेश, पडद्यावर दिसणारी वाक्यं, चाचणीसाठीची नावं-पत्ते हे सगळं शांघायमधला किंवा तैपेइमधला माणूस स्वतःच्या भाषेतच लिहिणार. सब्लाइम तेव्हा जोरात होता. सिडनीच्या जॉन स्किनर यांनी २००८ मध्ये आणलेला हा एडिटर दुसऱ्या आवृत्तीपासून लिनक्सवरही पसरला होता, आणि जानेवारी २०१३ पासून तिसऱ्या आवृत्तीचा बीटा, म्हणजे चाचणीचं रूप, लोकांच्या हातात होता. तो झटपट उघडायचा, मोठ्या फायली सहज पेलायचा आणि दिसायला देखणा होता. त्यामुळे 'मग दुसरा एडिटर वापरा' हा सल्ला कुणी मनावर घेत नव्हतं. लोक टिपा जीएडिटमध्ये लिहून इकडे चिकटवत. काहींनी असं प्लगइन, म्हणजे एडिटरला वरून जोडायचा छोटा प्रोग्राम, वापरलं की ठरावीक कळा दाबल्या की एक छोटा वेगळा चौकोन उघडतो, त्यात लिहायचं, एंटर मारलं की मजकूर सब्लाइममध्ये येतो. काम भागायचं, पण प्रत्येक ओळीला हा वळसा घालायचा म्हणजे वैताग.

या प्रकरणाकडे मी पुन्हा पुन्हा वळतो, कारण यात दुखणं नेमकं कुठे आहे ते बाहेरून, कोड न पाहता, शोधता येतं. आणि त्यावरचा उपायही बाहेरूनच झाला.

चिनी टायपिंगचा रस्ता

चीनच्या १९८० च्या जीबी २३१२ या प्रमाणकातच ६,७६३ चिन्हं आहेत. एवढी चिन्हं कळफलकावर मावणार नाहीत, म्हणून मधे एक प्रोग्राम बसतो. पिन्यिनवाला उच्चार रोमनमध्ये टाइप करतो. 'शि' एवढंच लिहिलं तर डझनावारी चिन्हं पुढे येतात, त्यातलं हवं ते आकडा किंवा स्पेस दाबून निवडायचं. वुबीवाला चिन्हाच्या घडणीवरून, म्हणजे त्यातल्या रेघा आणि तुकडे यांवरून टाइप करतो. तैवानमध्ये झुयिन आणि त्सांगजिए या आणखी दोन पद्धतींचा वापर मोठा. पद्धत कुठलीही असो, एडिटरच्या बाजूने पाहिलं तर घडामोड तीच आहे. दाबलेली कळ आधी मधल्या प्रोग्रामकडे जाते. तो कच्चा मजकूर जमवत राहतो, पर्याय दाखवतो, आणि निवड झाली की पक्का मजकूर एडिटरच्या हाती देतो. या शेवटच्या पायरीला 'कमिट' म्हणतात, आणि अजून शिजत असलेल्या मजकुराला 'प्रीएडिट'.

लिनक्सवर हा मधला प्रोग्राम म्हणजे आयबस किंवा एफसिटिक्स. चिनी लोकांत एफसिटिक्सचा जोर होता. २०१४ मध्ये सोगौ पिन्यिनची लिनक्स आवृत्ती आली तीही एफसिटिक्सवरच बसवलेली, त्यामुळे तो आणखी वाढला. एडिटर आणि एफसिटिक्स यांच्यामधला दुवा जीटीके पुरवते. ही खिडक्या, मेन्यू, मजकूर-पेट्या असं सामान तयार देणारी लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्रामांनी वापरायचा तयार कोड. तिच्यात 'इनपुट मेथड कॉन्टेक्स्ट' नावाची वस्तू असते आणि तिच्याशी बोलायचे काही ठरलेले नियम असतात. ही खिडकी माझी, हे सांगायचं. आता लिहिण्याची जागा माझ्याकडे आहे, म्हणजे फोकस आला, हे सांगायचं. प्रत्येक कळ आधी कॉन्टेक्स्टला दाखवायची आणि त्याने 'ही माझी' म्हटलं तर स्वतः हात लावायचा नाही. कमिटचा इशारा आला की मजकूर घालायचा. कर्सर कुठे आहे ते दर वेळी कळवायचं, म्हणजे पर्यायांची यादी त्याच्या खाली उघडेल. जमल्यास प्रीएडिटही ओळीतच रंगवायचा.

जीटीकेची तयार मजकूर-पेटी वापरली तर हे सगळं आतल्या आत होतं. बहुतेक प्रोग्रामरांना आयुष्यात या फंक्शनांची नावंही कळत नाहीत. सब्लाइमने मात्र तयार पेटी घेतलीच नव्हती. त्याचा स्वतःचा यूआय टूलकिट, म्हणजे पडद्यावरचं सगळं रंगवणारा कोड, आहे. मजकूर, टॅब, बाजूची यादी, उजवीकडचा छोटा नकाशा, सगळं तो स्वतः रंगवतो. लिनक्सवर त्याने जीटीके २ घेतली ती खिडकी, मेन्यू आणि फाइल उघडायचे डायलॉग यांच्यापुरती. वेग आणि देखणेपण यातूनच आलं, आणि पेटीबरोबर फुकट मिळणारी कामं अंगावर आली तीही यातूनच.

निदान

अशी तक्रार आली की आधी तीन थर तपासायचे. पहिला थर वातावरणाचा : जीटीकेने कुठली इनपुट मेथड वापरायची हे सांगणारा चल, म्हणजे प्रोग्राम सुरू होताना सिस्टिमकडून त्याला मिळणारी नोंद, बरोबर लावला आहे का. दुसरा थर दुव्याचा : एफसिटिक्सचं जीटीके २ साठीचं फ्रंटएंड पॅकेज बसवलं आहे का, जीटीके ३ चं असून उपयोग नाही, प्रत्येक आवृत्तीचं वेगळं असतं. तिसरा थर खुद्द प्रोग्रामचा. पहिल्या दोन थरांत घोळ असेल तर जीटीके २ वर चालणारा दुसरा कुठलाही प्रोग्रामही चिनी घेणार नाही.

सब्लाइमच्या बाबतीत यापेक्षा पक्का पुरावा हाताशी होता. 'सेव्ह अ‍ॅज'चा डायलॉग उघडा आणि फायलीचं नाव चिनीत लिहून पाहा. तिथे एफसिटिक्स नीट चालतं, कारण तो डायलॉग जीटीकेचा, त्यातली पेटी जीटीकेची. तीच प्रक्रिया, तेच चल, तेच फ्रंटएंड. डायलॉग बंद करून मुख्य भागात आलात की चिनी बंद. एकाच प्रोग्रामात एक पेटी चिनी घेते आणि दुसरी घेत नाही, म्हटल्यावर दोष दुसऱ्या पेटीकडे जातो. इथे वातावरणाच्या चलांशी खेळत बसण्यात अर्थ नव्हता, तरी लोक बसले. आजही अशा तक्रारीवर पहिलं उत्तर 'इनपुट मेथडचे ते नेहमीचे तीन चल लावले का?' असंच मिळतं. बऱ्याच वेळा ते बरोबर असतं. पण ते उत्तर देण्याआधी डायलॉगवाली चाचणी करायला लावली तर सगळ्यांचाच वेळ वाचतो.

शंभरेक ओळींची फाइल

सब्लाइमचा कोड बंद, म्हणजे विकणाऱ्या कंपनीबाहेर कुणी तो पाहू शकत नाही. एका चिनी प्रोग्रामरने वेगळी वाट काढली. सब्लाइम जीटीकेला चालताना जोडून घेतो, तिची फंक्शनं स्वतःच्या पोटात भरून आणत नाही. लिनक्सचा लोडर प्रोग्राम सुरू करताना आधी एलडी प्रीलोड या चलात सांगितलेली लायब्ररी चढवतो आणि फंक्शनाचं नाव प्रथम तिच्यात सापडलं तर तेच वापरतो. म्हणजे जीटीकेच्या एखाद्या फंक्शनाच्या नावाचं आपलं फंक्शन लिहून पुढे उभं करता येतं. सब्लाइमला पत्ताही लागत नाही. सी भाषेतली शंभरेक ओळींची फाइल, जीसीसी या कंपायलरने, म्हणजे कोडपासून चालणारी फाइल बनवणाऱ्या प्रोग्रामने, केलेली एक छोटी लायब्ररी, एवढंच भांडवल.

त्या फाइलीत दोन फंक्शनं अडवली आहेत. पहिलं, 'ही खिडकी माझी' असं कॉन्टेक्स्टला सांगणारं. अडवलेल्या आवृत्तीत आधी मूळ काम जसंच्या तसं होतं. मग खिडकीची रुंदी आणि उंची शून्य नाही ना एवढं पाहिलं जातं, आणि लगेच 'फोकस आला' ही हाक मारली जाते. कॉन्टेक्स्ट एका ग्लोबल चलात जपून ठेवला जातो. जोडीला खिडकीवर एक गाळणी बसवली आहे : कुठलीही कळ सुटली की 'ही खिडकी माझी' पुन्हा एकदा, आणि त्याबरोबर 'फोकस आला'ही पुन्हा एकदा. याचं कारण फाइलीतल्या टिपेतच दिलेलं आहे. फाइल डायलॉगमध्ये काही लिहून मुख्य भागात परत आलं की कॉन्टेक्स्ट हरवतो, म्हणून तो परत लावायचा. प्रत्येक कळीला फोकस जाहीर करणं हा ओबडधोबड इलाज आहे, पण बाहेर बसलेल्या माणसाला डायलॉग नेमका कधी बंद झाला हे कळायला दुसरी सोय नव्हती.

आता या इलाजावरून मूळ दुखण्याचा अंदाज बांधा. अडवलेलं फंक्शन चालतं, म्हणजे सब्लाइम 'ही खिडकी माझी' सांगत होताच. फोकसची हाक मारताच यादी उघडते, म्हणजे कळा आधी कॉन्टेक्स्टला दाखवल्या जात होत्या. निवडलेलं चिन्ह फायलीत उमटतं, म्हणजे कमिटचा इशाराही तो ऐकत होता. थोडक्यात, काम करणाऱ्याने बहुतेक सगळं केलं होतं. राहिल्या होत्या दोन गोष्टी : फोकसची हाक आणि कर्सरची जागा. एफसिटिक्सचा दुवा फोकस आहे का हे तपासतो आणि नसेल तर कळ पुढे पाठवतच नाही. म्हणून सगळं जोडलेलं असूनही पडद्यावर शून्य.

या गोष्टी करायच्या राहून कशा गेल्या असतील? माझा अंदाज असा. जीटीकेत इनपुट मेथड न लावता चालणारा एक साधा कॉन्टेक्स्टही असतो, जो फ्रेंच-जर्मनमधली चिन्हवाली अक्षरं दोन कळा जोडून तयार करतो. तो फोकसची वाट पाहत बसत नाही. युरोपीय कळफलकावर तपासलं की ई वर तिरकी मात्रा देणारं फ्रेंच अक्षर बरोबर येतं, आणि इनपुट मेथडचा भाग झाला असं वाटतं. फोकसची हाक विसरली तर कंपायलर काही म्हणत नाही, चालताना इशाराही येत नाही. मॅकवर इतकं सोपं नाही : तिथे मजकूर घेणाऱ्या व्ह्यूला, म्हणजे खिडकीतल्या त्या भागाला, ठरलेल्या नियमांचा एक पूर्ण प्रोटोकॉल पाळावा लागतो, आणि 'या अक्षराची चौकट पडद्यावर कुठे आहे?' हा प्रश्न यंत्रणाच व्ह्यूला विचारते. जीटीकेत सांगायला जायचं, मॅकवर विचारलं की उत्तर द्यायचं. विसरायला पहिल्या रचनेत जास्त वाव आहे, हे माझं ठाम मत आहे. विंडोजवरही कर्सरची जागा प्रोग्रामनेच कळवायची असते, आणि सब्लाइमच्या विंडोज आवृत्तीसाठी एका जपानी प्रोग्रामरने यादी जागेवर आणणारं वेगळं प्लगइन लिहिलं होतं, यात नवल नाही.

कर्सर ओळखायचा कसा?

फोकस मिळाला तरी पर्यायांची यादी भलतीकडे, पडद्याच्या एका कोपऱ्यात उघडायची. डोळे ओळीवरून कोपऱ्यात न्यायचे, आकडा निवडायचा, परत ओळीवर यायचं. पाच मिनिटांत मान आखडते. यादी कर्सरखाली हवी तर कर्सरची जागा हवी, आणि ती फक्त सब्लाइमला ठाऊक. तो ती कुणाला सांगत नव्हता.

या फाइलीतला माझा सर्वांत आवडता भाग इथे आहे. सब्लाइम जेव्हा खिडकीचा एखादा भाग पुन्हा रंगवतो तेव्हा जीटीके २ मधलं एक फंक्शन वापरतो, जे 'या भागाला वेढणारी चौकट कोणती?' याचं उत्तर देतं. कर्सर लुकलुकतो तेव्हा फक्त कर्सरापुरता भाग रंगवला जातो, आणि सब्लाइमचा कर्सर दोन पिक्सेल रुंद. म्हणून दुसरं अडवलेलं फंक्शन हे चौकटीचं. प्रत्येक चौकट पाहायची. रुंदी नेमकी दोन भरली तर हा कर्सर समजायचा आणि त्याची जागा एफसिटिक्सला कळवायची. पावलांच्या आवाजावरून घरातला माणूस ओळखावा तसा हा प्रकार. कधीकधी चूक होईल, पण बहुतेक वेळा हा कर्सरच असेल, अशी कबुली लिहिणाऱ्याने तिथेच टिपेत देऊन ठेवली आहे. शिवाय चौकटीचं फंक्शन पूर्ण बदलायचं तर त्या 'भागा'ची आतली रचना माहीत हवी, जी जीटीके बाहेर उघड करत नाही. तीही जीटीकेच्या कोडमधून उचलून फाइलीच्या सुरुवातीला जशीच्या तशी मांडली आहे.

हे चाललं, आणि चांगलं चाललं. पण कशाच्या भरवशावर चाललं ते बघा. सब्लाइममध्ये कर्सरची रुंदी वाढवायची सेटिंग आहे. कुणी कर्सर जाड केला की दोनची अट मोडली आणि यादी पुन्हा भटकली. विंटेज मोडमध्ये, म्हणजे जुन्या व्हीआय एडिटरसारख्या कळा चालतात त्या मोडमध्ये, आज्ञा देताना कर्सर ठोकळ्यासारखा होतो, तेव्हाही तेच. तिथे चिनी लिहायचं नसतं म्हणून ते खपून जातं. सब्लाइमची मोठी ख्याती म्हणजे एकाच वेळी अनेक कर्सर. ते सगळे एकदम रंगवले गेले तर वेढणारी चौकट कशी येईल? एकाच उभ्या रेषेत असतील तर दोन पिक्सेल रुंद आणि पंधरा ओळी उंच, इकडेतिकडे असतील तर कितीही रुंद. घनदाट पिक्सेलच्या पडद्यावर सगळंच दुप्पट होतं. यातली एकही गोष्ट हा पॅच, म्हणजे वरून लावलेलं ठिगळ, लिहिणाऱ्याच्या हातात नव्हती.

सुरू करण्यातल्या भानगडी

लायब्ररी तयार झाली तरी सब्लाइम तिच्यासकट सुरू व्हायला हवा. टर्मिनलमधून चल लावून आज्ञा दिली की झालं, पण लोक तर चित्रावर क्लिक करतात. त्यासाठी डेस्कटॉप फाइल, म्हणजे त्या चित्रावर क्लिक केल्यावर काय चालवायचं ते सांगणारी फाइल, बदलावी लागे, आणि तिच्यात सुरू करण्याच्या ओळी तीन : एक साधी, एक नवीन खिडकीची, एक नवीन फाइलीची. पहिली बदलून बाकी दोन विसरायच्या, हा नेहमीचा प्रकार. त्यात सब्लाइम एकदाच चालतो. आधीच चालू असेल तर नंतरची हाक त्याच चालू प्रक्रियेकडे जाते. म्हणजे दिवसाची सुरुवात कुठून केली त्यावर दिवसभर चिनी चालणार की नाही ते ठरायचं. 'काल चालत होतं, आज नाही' अशा तक्रारींमागे हेच कारण असू शकतं, आणि ते चटकन लक्षात येत नाही.

आणखी एक बाजू फारशी बोलली जात नाही. एलडी प्रीलोड हा चल प्रोग्रामने पुढे सुरू केलेल्या प्रत्येक प्रक्रियेला वारशाने मिळतो. सब्लाइम स्वतः प्लगइन चालवायला वेगळी प्रक्रिया काढतो, आणि बिल्डची, म्हणजे कोड चालवण्याजोगा करण्याची, आज्ञा दिली की कंपायलर, पायथन वगैरे. त्या प्रत्येकात ही लायब्ररी आणि तिच्या मागे जीटीके चढते. सहसा बिघडत काही नाही, पण बिल्डमध्ये अनपेक्षित काही दिसलं तर संशय इथे कुणी घेणार नाही. इंटरनेटवरून तयार लायब्ररी उतरवून ती रूटच्या, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या, अधिकाराने सिस्टिमच्या फोल्डरात ठेवण्याचे सल्लेही सर्रास दिले जात. एडिटरमध्ये उमटणारी प्रत्येक कळ जिथून जाते तिथे अनोळखी माणसाने कंपाइल केलेली फाइल बसवायची, हे मला तरी पटत नाही. शंभर ओळी आहेत. वाचा आणि स्वतः कंपाइल करा.

पुढे सब्लाइम जीटीके ३ वर गेला. जीटीके ३ मध्ये तो 'भाग' आणि त्याची चौकट देणारं फंक्शन काढून टाकलेलं आहे, त्याजागी कैरो या रेखाटन-लायब्ररीची रचना आली. अडवायला फंक्शनच उरलं नाही, त्यामुळे दोन पिक्सेलची युक्ती त्या रूपात तिथेच संपली. जीटीके ४ मध्ये तर 'ही खिडकी माझी'चं फंक्शनही बदलून 'हे विजेट माझं' असं झालं आहे.

आतून करायचं तर

समजा हेच काम स्वतःचा टूलकिट लिहिणाऱ्याला सुरुवातीपासून करायचं आहे. फोकस आणि कर्सरची जागा या दोन ओळी तर घातल्याच पाहिजेत, पण तिथे थांबून चालत नाही.

कळांचा क्रम ही खरी कसोटी. एडिटरमध्ये टॅब, एंटर, बाण, आकडे, प्रत्येकाला काहीतरी काम नेमून दिलेलं असतं. पिन्यिन चालू असताना याच कळा पर्याय निवडायला लागतात. वरून ऑटोकम्प्लीटची, म्हणजे अर्धवट शब्द पुरा करून सुचवणारी, यादी उघडली तर एकाच कर्सरखाली दोन याद्या आणि एंटर एक. अशा वेळी प्रीएडिट शिल्लक आहे तोवर ऑटोकम्प्लीटने तोंड उघडू नये, हा माझ्या मते एकमेव सुटसुटीत नियम. आणि कंट्रोल-स्पेस : सब्लाइममध्ये ती ऑटोकम्प्लीट बोलावते, तर चिनी डेस्कटॉपवर वर्षानुवर्षं तीच कळ इनपुट मेथड चालू-बंद करते. यात कुणाचीच चूक नाही, पण एडिटरने ती कळ सहज बदलता येईल अशी ठेवायला हवी आणि ती इनपुट मेथडने उचलली तर मुकाट्याने बाजूला व्हायला हवं.

प्रीएडिटचं महत्त्व भाषेगणिक बदलतं. पिन्यिनवाल्याला कच्ची रोमन अक्षरं एफसिटिक्सच्या स्वतःच्या चौकोनात दिसली तरी चालतात. म्हणूनच वरच्या पॅचने ओळीत काहीच रंगवलं नाही तरी लोक खूश होते. कोरियन माणसाचं तसं नाही. तिथे प्रीएडिट म्हणजे घडत असलेलं अक्षरच, ते ओळीत दिसलं नाही तर आंधळ्यासारखं टाइप करावं लागतं. चिनी चाललं म्हणून 'पूर्व आशियाई भाषा चालतात' असं जाहीर करणाऱ्यांची फसगत होते ती इथे.

प्रीएडिट हा फायलीतला मजकूर नव्हे. तो अनडूच्या इतिहासात जाता कामा नये, त्यावर व्याकरण-रंग चढता कामा नयेत, त्याने 'फाइल बदलली' असा ठिपका उमटता कामा नये. कमिट झालेलं आख्खं वाक्य मात्र अनडूत एकच पाऊल म्हणून जावं. टाइप करता करता माउसने दुसरीकडे क्लिक केलं तर कच्चा मजकूर टाकायचा की पक्का करायचा हे आधीच ठरवा, नाहीतर तो जुन्या जागी अर्धवट लटकत राहतो. अनेक कर्सर असतील तर कमिट सगळीकडे, यादी मात्र एकाच, शेवटच्या कर्सरखाली. शोधायची पट्टी आणि आज्ञांची पट्टी याही स्वतः रंगवलेल्या पेट्याच; त्यांनाही कॉन्टेक्स्ट लागतो. चिनी कोडमध्ये चिनी शब्द शोधता आला नाही तर अर्धं काम वाया.

लिनक्सवर खिडक्या पडद्यावर दाखवायच्या वेलँड या नव्या व्यवस्थेत ही बोलणी प्रोटोकॉलच्या संदेशांनी होतात : चालू कर, कर्सरची चौकट ही, आसपासचा मजकूर हा, आता लागू कर. मागण्या त्याच आहेत. फरक एवढाच की पडद्यावरची यादीची जागा आता कंपोझिटर, म्हणजे सगळ्या खिडक्या एकत्र मांडणारा प्रोग्राम, ठरवतो, आणि एडिटरने दिलेल्या चौकटीशिवाय त्याच्याकडे दुसरा आधार नसतो.

आपल्यापैकी इनस्क्रिप्ट या देवनागरी कळफलकाने मराठी लिहिणाऱ्याला जुन्या सब्लाइममध्ये यातलं काहीच जाणवलं नसतं. एक कळ दाबली की एक अक्षर, ते थेट कळफलकाच्या आराखड्यातून येतं, मधे कुणी बसत नाही. पण जो उच्चाराप्रमाणे रोमनमध्ये लिहून देवनागरी मिळवतो, म्हणजे आयबस किंवा एफसिटिक्समधून जपानच्या एआयएसटी या संशोधन संस्थेत घडलेली, अनेक भाषांच्या टायपिंग पद्धती देणारी एम१७एन लायब्ररी आणि तिच्यातल्या मराठीच्या आयट्रान्स किंवा फोनेटिक पद्धती वापरतो, तो चिनी माणसाच्याच रांगेत उभा असतो. अशा एडिटरचा मराठी अनुभव विचारायचा तर आधी समोरचा कुठल्या पद्धतीने लिहितो ते विचारावं लागतं.

चिनी न येणाऱ्यालाही याची चाचणी करता येते. एफसिटिक्स आणि त्याचं चिनी पॅकेज बसवा. एडिटरमध्ये 'निहाओ' रोमनमध्ये टाइप करा : यादी कर्सरखाली उघडली पाहिजे. स्पेस दाबा : दोन चिन्हं आली पाहिजेत आणि एकही रोमन अक्षर मागे उरता कामा नये. अनडू एकदा : दोन्ही चिन्हं गेली पाहिजेत. पुन्हा अर्धवट टाइप करून एस्केप दाबा : कच्चा मजकूर जावा, एडिटरची शोधपट्टी वगैरे मात्र बंद होऊ नये. खिडकी हलवा, फॉन्ट मोठा करा, कर्सर जाड करा, ओळ पार खालच्या कडेला न्या, आणि प्रत्येक वेळी यादी कुठे उघडते ते पाहा. मग फाइल उघडायचा डायलॉग काढा, त्यात दोन चिन्हं लिहा, तो बंद करा आणि माउसला हात न लावता मुख्य भागात टाइप करायला लागा.